पंगासची कातडी सोलली तर: टाक्यातल्या मोठ्या माशाचा टाक्यातच उपचार

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीत लग्न होतं. मांडवाच्या रात्री डीजेवाल्याने पहिला ठोका दिला आणि घरामागच्या सांदवाडीतल्या टाक्यातून ‘धप्प’ असा आवाज आला, मग आणखी दोनदा. टॉर्च घेऊन गेलो तर आमचा पंगास तळाशी तिरपा पडलेला आणि डाव्या कुशीवर, कल्ल्याच्या मागे, तळहाताएवढी कातडी सोललेली. खाली गुलाबी मांस दिसत होतं.

हा मासा आठ वर्षांपूर्वी नागपुरातून ‘शार्क’ म्हणून आणला होता, बोटाएवढा. दुकानात त्याला शार्कच म्हणतात, पण असतो पंगास. मागूर आणि शिंगाड्याच्या गोतातला, मिशावाला, अंगावर एकही खवला नसलेला. आता तो अडीच फुटांचा आहे. काचेच्या पेटीत मावेना, तेव्हा गुरांच्या पाण्याचं जुनं सिमेंटचं टाकं त्याला दिलं. शेजारीपाजारी अजूनही विचारतात, “कवा कापता जी?”

पंगास मुळात भित्रा. त्यात या माशांच्या गोतात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना आवाज फार तीव्र ऐकू येतो. अचानक लावलेला दिवा, फटाका, डीजे, टाक्यावर आपटलेली बादली, यातलं काहीही त्याला भिंतीवर धडकवायला पुरतं. असे मासे पाळणाऱ्याकडे आज ना उद्या ही वेळ येतेच.

त्या रात्री मी पहिली धाव स्वयंपाकघरात हळदीच्या डब्याकडे घेतली. शेजारच्या ढिवर काकांनी दारातच अडवलं. त्यांची हयात तलावावर गेलेली. म्हणाले, “मासा पाहू नोको, आंधी पानी पाह्य.” पुढचे पाच आठवडे मी जे काही केलं ते या एका वाक्याच्या आधारावर केलं, आणि खाली लिहिलेला क्रमही तोच आहे.

पहिला तास: हात लावायचा नाही

दिवे बंद करा किंवा मंद ठेवा. टाक्याचा अर्धा भाग गोणपाटाने किंवा हिरव्या शेडनेटने झाका, म्हणजे माशाला अंधारात शिरता येईल आणि तो घाबरून बाहेरही उडी मारणार नाही. हवेचा पंप जोरात चालू करा. खाणं बंद. मासा तिरपा पडला असला तरी कल्ले एकसारखे हलत असतील तर तो धडकेने सुन्न झालेला असतो, तासा-दोन तासांत सरळ होतो. त्याला काठीने ढोसून ‘जिवंत आहे का’ बघणारी पोट्टी गल्लीत नेहमी असतात. त्यांना लांब ठेवा.

भारनियमनाचं आधीच बघून ठेवा. पंप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणा. दोन्ही नसतील तर मगाने पाणी उचलून दोन फुटांवरून परत टाक्यात सोडत बसायचं. आम्ही ते आळीपाळीने रात्रभर केलेलं आहे. उन्हाळ्यात हे जास्तच जरुरीचं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशाला सातच्याही खाली येतो. आणि जखमी माशाला तर तो जास्त लागतो.

जखम काठावरूनच वाचायची

सकाळी उजेडात, पाणी संथ असताना बघा. मोबाइलवर फोटो काढा, आणि रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी काढत जा. डोळ्यांवर भरवसा ठेवला तर रोज काळजीप्रमाणे जखम कधी लहान वाटते, कधी मोठी.

नुसता पांढुरका, खरवडल्यासारखा डाग असेल, विशेषतः नाकाडावर, तर वरची चिकट बुळबुळ आणि कातडीचा पातळ थर गेलाय. पाणी नीट ठेवलं की तो आपोआप भरतो, औषधाची बाटली उघडायचीही गरज नाही. लाल-गुलाबी मांस उघडं पडलं असेल तर खालचा सगळा उपचार लागेल. पोटाची पोकळी उघडी पडली असेल, डोळा फुटला असेल किंवा बगळ्याच्या चोचीने खोल भोक पडलं असेल, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरला विचारा.

आणखी एक खात्री करून घ्या, की ही जखमच आहे. धडक न बसता अंगावर दोन-चार ठिकाणी लाल व्रण उठले असतील, आणि तेही पावसाळा सरून थंडी पडताना, तर तो रोग असू शकतो. मरळ आणि मागूर यांना होणारा व्रणांचा साथीचा रोग भारतात १९८८ मध्ये आला. तो पाण्यातल्या बुरशीसारख्या जीवाने होतो आणि तलावाच्या पाण्यातून किंवा तिथून आणलेल्या माशांतून घरात शिरतो. त्याची गोष्ट वेगळी.

टाक्यात सोबतीला कोण आहे तेही बघा. काच साफ करणारा म्हणून विकतात तो काळा, खरखरीत सकर मासा असेल तर आजच काढा. रात्री तो मोठ्या माशाच्या कुशीला चिकटून बुळबुळ खरवडून खातो, आणि उघडी जखम म्हणजे त्याला पंगतच. काढला म्हणून तलावात मात्र सोडू नका. हा परका मासा आपल्या नद्या-तलावांत घुसून बसतोय आणि ढिवरांची जाळी फाडतोय. जखमी पंगासला वेगळ्या भांड्यात हलवण्यापेक्षा सोबत्यांना हलवणं कधीही सोपं. अडीच फुटांचा मासा पाचशे लिटरच्या टाकीत घातला तर तो तिथे पुन्हा आपटतो.

पाणी

खरा उपचार इथे आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खूप खारं असतं, लिटरमागे साधारण ९ ग्रॅम मिठाइतकं. त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत घुसू पाहतं आणि आतलं मीठ बाहेर जाऊ पाहतं. कातडी आणि बुळबुळ हे त्याचं धरण. ते फुटलं की मासा सगळी ताकद पाणी बाहेर फेकण्यात घालवतो. आपण दोन कामं करायची: पाण्यातलं विष काढायचं आणि आतल्या-बाहेरच्या खारेपणातला फरक थोडा कमी करायचा.

विष म्हणजे माशाच्याच घाणीतून होणारा अमोनिया. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी, त्यात सिमेंटचं टाकं. पीएच ८ आणि पाणी ३० अंश असेल तर एकूण अमोनियातला साडेसात टक्क्यांच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ७ असता तर तो एक टक्काही नसता. म्हणून पुण्यामुंबईच्या मऊ पाण्यात ‘चालतं’ म्हणून सांगितलेलं आपल्याकडे चालेलच असं नाही. थेंबांची अमोनिया तपासायची किट मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात मिळते, ती घ्या. आकडा शून्य हवा.

रोज चौथा हिस्सा पाणी बदला. तळाची घाण नळीने ओढून काढा, झाडून उडवू नका. फिल्टरचा स्पंज या दिवसांत धुवायचा मोह आवरा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात.

नवं पाणी कुठलं? ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकलेली असते. ते क्लोरीन उघड्या मांसाला आणि कल्ल्यांना जाळतं. ड्रममध्ये हवा सोडून चोवीस तास ठेवा, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारायचे हायपोचे खडे मिळतात ते वापरा. बोअरचं पाणी क्लोरीनमुक्त, पण त्यात प्राणवायू नसल्यासारखाच, म्हणून उंचावरून धार पाडत किंवा ड्रममध्ये हवा देऊन मगच घाला. आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी कधीही थेट सोडू नका. पाइपातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. नव्या-जुन्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक नको. मी पहाटे पाचला पाणी बदलायचो.

मीठ: मोजूनच

टाक्याची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा. तितके लिटर पाणी. आमचं टाकं ८ बाय ५, पाणी साडेतीन फूट, म्हणजे जवळपास ४,००० लिटर.

जाडं मीठ घ्या, कुठलंही मसाला-मिश्रण नसलेलं. पहिल्या दिवशी लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे आमच्या टाक्याला ४ किलो. बादलीत पूर्ण विरघळवून माशापासून लांबच्या कोपऱ्यात, तीन-चार हप्त्यांत, तासाभराच्या अंतराने सोडा. दुसऱ्या दिवशी मासा शांत असेल तर आणखी ४ किलो. लिटरला २ ग्रॅमवर थांबा. जखम खोल असेल तर ३ पर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. बिनखवल्याच्या माशाला मीठ चालतच नाही असं तुम्हाला हमखास कोणी सांगेल. या प्रमाणात हळूहळू दिलेलं चालतं. मूठभर खडे थेट अंगावर पडले तर मात्र कातडी भाजते. मिठाचा आणखी एक फायदा असा की पाण्यात नायट्राइट, म्हणजे अमोनियातून पुढे तयार होणारं विष, वाढलं तर त्यातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, आणि या गोतातले काही मासे नायट्राइटला फार हळवे असतात.

इथे सगळे चुकतात, मीही चुकलो. उन्हाळ्यात टाक्याचं पाणी वाफेने बोट-दोन बोटं उतरतं. ते भरून काढताना मीठ घालायचं नाही, कारण वाफ होऊन पाणी गेलंय, मीठ तिथेच आहे. मीठ फक्त बदललेल्या पाण्याइतकं: १,००० लिटर काढलं तर परत २ किलो. मी चार दिवस दोन्हीला मीठ घालत होतो. मासा कोपऱ्यात तोंड खुपसून राहू लागला तेव्हा हिशेब मांडला आणि चूक कळली. आता टाक्याच्या भिंतीवर कोळशाने तारीख आणि किलो लिहितो.

काढलेलं खारं पाणी वांग्या-टमाट्याच्या वाफ्यात सोडू नका. आमच्या एका पपईने त्या महिन्यात मान टाकली.

जखमेला औषध लावायचं असेल तर

दरवेळी लावायचं नाही. मासा पकडला की चांगल्या भागावरचीही बुळबुळ निघते, म्हणजे एक जखम धुताना दहा नव्या केल्या. जखमेत माती-सिमेंट भरलं असेल, कातडीची लोंबती सालपटं असतील किंवा कडा लाल होऊ लागल्या असतील, तरच. आणि तेही एकदा, फार तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा.

दोन माणसं हवीत. पाणी दीड फुटापर्यंत उतरवा. नायलॉनचं जाळं वापरू नका. पंगासच्या पाठीवरच्या आणि छातीवरच्या पंखांना दातेरी काटे असतात, ते जाळ्यात अडकतात आणि सोडवताना काटाही मोडतो, कातडीही. जुन्या सुती लुगड्याची झोळी सगळ्यात उत्तम. धुवून मऊ झालेली, ओली, साबणाचा वास नसलेली. गोणपाट नको, ते खरखरीत. झोळी माशाखालून न्या, डोळ्यांवर लुगड्याचा पदर टाका. डोळे झाकले की तो निम्मा शांत होतो. आपले हात ओले ठेवा. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, या गोतातल्या काट्यांची आग त्याने ओसरते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर घेऊन या.

मासा पूर्ण बाहेर काढूच नका. झोळी वर घ्यायची ती इतकीच की डोकं आणि कल्ले पाण्यात राहतील आणि जखम पाण्याबाहेर येईल. लोंबती मेलेली साल लहान कात्रीने कापा, ओढू नका. स्वच्छ गॉझने टिपा, चोळू नका. १० टक्क्यांचं पोविडोन-आयोडिन एक भाग आणि उकळून गार केलेलं पाणी नऊ भाग, असं करून कापसाने लावा. हात धुवायचं फेसाळ आयोडिन वेगळं असतं, ते नको. दहा सेकंदांनी टाक्याच्या पाण्याने धुवा, ओघळ कल्ल्यांकडे किंवा डोळ्यात जाऊ देऊ नका. मग पुन्हा टिपून सिल्व्हर सल्फाडायझिनचा पातळ लेप द्या. औषधाच्या दुकानात भाजल्यावरचं मलम म्हणून मिळतं ते हेच, १ टक्क्याचं. अर्धा ते एक मिनिट धरा आणि झोळी खाली सोडून माशाला स्वतः निघू द्या. फेकायचं नाही.

मासा चार-पाच किलोच्या वरचा आणि फार उसळणारा असेल तर लवंगतेलाने गुंगी देता येते. शुद्ध तेल, दहा लिटरला आठ-दहा थेंब. कोमट पाण्याच्या बाटलीत घालून दुधाळ होईपर्यंत हलवा आणि मगच वेगळ्या मोठ्या टबात मिसळा, टाक्यात नव्हे. एकाची नजर सतत कल्ल्यांवर हवी. हालचाल मंदावून थांबायला लागली की लगेच स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात. पहिल्यांदाच करत असाल तर गुंगीशिवाय, दोन दणकट भावांच्या मदतीनेच करा असं मी म्हणेन.

हळद? खाण्याच्या गोष्टीत तिच्याबद्दल आदर आहेच. पण ओल्या, बुळबुळीत अंगावर ती टिकत नाही, पाण्यात उतरते, गढूळ करते आणि कल्ल्यांत बसते. शेण, राख, चुना यांचं नावही नको. मॅलाकाइट ग्रीन नावाचं हिरवं औषध दुकानदार सर्रास देतात. बिनखवल्याच्या माशांना ते जड जातं आणि हाताळणाऱ्या माणसालाही घातक आहे. निळं मेथिलीन फिल्टरातले जिवाणू मारतं. विहिरीत टाकतात ते लाल पोटॅशियम परमँगनेट उपयोगी आहे, पण १,००० लिटरला २ ग्रॅम एवढंच, म्हणजे आमच्या टाक्याला ८ ग्रॅम. हे अंदाजाने टाकून मासे मारलेले लोक मला माहीत आहेत. मी सोनाराच्या काट्यावर तोलून आणलं होतं आणि शेवटी वापरलंच नाही.

भरतेय की बिघडतेय

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर राखाडी-पांढरा, पातळ, घट्ट पडदा दिसतो. लोक त्याला बुरशी समजून पुसून काढतात. तो पुसायचा नाही! माशाची नवी कातडी कडेकडून सरकत जखम झाकत असते, आणि कोमट पाण्यात हे आपल्या कातडीपेक्षा फार वेगाने होतं. खालचं मांस भरायला मात्र आठवडे लागतात. कडेला काळपट रंग चढू लागला की समजा गाडी रुळावर आहे.

खरी बुरशी पाण्यात कापसाच्या धाग्यांसारखी तरंगते आणि बहुधा थंडीत येते. डिसेंबर-जानेवारीत टाक्याचं पाणी उतरलं की पंगास आधीच गारठलेला असतो, त्या दिवसांत शेडनेटऐवजी जाड ताडपत्री घाला आणि जमलं तर हीटर लावा. उन्हाळ्यात भीती वेगळी: पिवळट-राखाडी, कडा झिरमिळलेला चट्टा, जो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पसरलेला दिसतो. हा जिवाणूंचा रोग गरम पाण्यात दोन दिवसांत मासा संपवतो. तसंच कडा रक्ताळणं, पोट फुगणं, पंखांच्या मुळाशी लाली, आठवडाभर अन्न न घेणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मासा नेऊ नका, व्हिडिओ न्या. सोबत कागदावर लिहा: माशाची लांबी, टाक्याचे लिटर, पाण्याचं तापमान, अमोनियाचा आकडा, आतापर्यंत काय काय टाकलं. गाई-म्हशी बघणारे डॉक्टर माशाला हसतील असं मला वाटलं होतं, पण कागद बघून ते गंभीर झाले. गरज पडली तर नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारता येतं. स्वतःच्या मनाने प्रतिजैविकाच्या कॅप्सूल फोडून टाक्यात टाकू नका. सगळ्यांच्या ओळखीचं ऑक्सिटेट्रासायक्लिन आपल्या जड पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसतं आणि माशापर्यंत पोचतच नाही. ते इंजेक्शनने किंवा खाद्यातून द्यावं लागतं, आणि त्याचं प्रमाण वजनावर ठरतं. आणि हो, असा औषध दिलेला मासा कापून खायचा विचार कोणी करत असेल तर तोही सोडा.

खाणं आणि टाक्याची दुरुस्ती

पहिले दोन दिवस उपास. मोठ्या पंगासला त्याचं काही वाटत नाही. मग रोजच्या निम्मं, बुडणाऱ्याऐवजी तरंगणारं खाद्य, म्हणजे उरलेलं काढता येतं. दहा मिनिटांत संपलं नाही तर उचला. भात, पोळी, फरसाण बंद. घरचे लाडाने टाकतात आणि अमोनिया आपण मोजत बसतो.

मासा बरा होत असतानाच ज्या कडेने त्याला सोललं ती शोधा. भिंतीवरून ओला हात फिरवा; तुमच्या तळहाताला जे बोचतं ते त्याला कापतं. आमच्या टाक्याच्या एका कोपऱ्यात गिलावा उडून खडी उघडी पडली होती. त्यावर नवं सिमेंट लावून उपयोग नाही, कच्चं सिमेंट पीएच आणखी चढवतं. शेततळ्याला अंथरतात त्या जाड प्लास्टिकचा उरलेला तुकडा एका शेतकऱ्याकडून आणला, चारही भिंतींना आतून सोडला आणि वरच्या कठड्यावर विटांनी दाबला. धडकला तरी आता घसरतो.

तिसऱ्या आठवड्यात जखम रुपयाएवढी राहिली. पाचव्यात वर काळपट, जरा खोलगट डाग उरला, तो अजून आहे. मीठ एकदम काढलं नाही. पाणी बदलत गेलो आणि नवं मीठ घालणं थांबवलं, दोन आठवड्यांत ते आपोआप उतरलं. यंदा गल्लीत पुन्हा दोन लग्नं आहेत. वराती निघायच्या तासभर आधी टाक्याजवळ एक मंद दिवा लावून ठेवतो, कारण मिट्ट अंधारात अचानक दिवा-आवाज झाला की तो जास्त बिचकतो. वर दुहेरी गोणपाट टाकतो आणि डीजेवाल्याला चहा पाजून गाडी आमच्या भिंतीपासून चार घरं पुढे उभी करायला सांगतो.